घोट्यावरचा पट्टा

स्वानंदीला पेटवू पाहणाऱ्या नवऱ्याला जामीन मिळाला, तेव्हा कोर्टानं त्याच्या घोट्याला जीपीएसचा पट्टा बांधायला लावला. तो तिच्या घराकडे वळला की तिचा फोन कोकलायचा. महिन्याभरात तो तापानं गेला. सरकारी पट्टा कापायला कुणी धजेना. पट्ट्यासकट अग्नी दिला. आज दहाव्याला रामकुंडावरून दिराचा फोन आला. “वहिनी, कधीपासून थांबलोय, कावळा पिंडाला शिवेना. दादाचा जीव तुमच्यात अडकलाय. एकदा माफ केलं म्हणा, सुटू द्या.” “मला पेटवताना कुठं होता हा जीव?” “गेलेल्याशी कसलं वैर?” मागे सासूबाई रडत होत्या. “बरं, केलं माफ,” ती म्हणाली. “शिवला, वहिनी. सुटला दादा,” दीर म्हणाला. कानाशीच फोन कोकलला. पडद्यावर पट्ट्याचा लाल ठिपका द्वारका चौक ओलांडून तिच्या घराकडे येत होता. स्वानंदीनं दाराला कडी घालण्याआधी गॅसचा सिलिंडर बंद केला.