सहा तारांची बासरी

तिसऱ्या तारेपाशी पुन्हा गाडी अडली. गिटारवाल्याने तार छेडली की टेबलावरचा डबा कधी सुरात बोले, कधी नुसताच खाकरे.

"नेहमी वाजवता तसं वाजवा हो," दुकानदार म्हणाला. त्याने गिटारच्या तारांखाली एक बारीक पट्टी बसवली होती. ही पट्टी प्रत्येक तारेचा सूर वेगळा पकडून डब्यात पाठवायची. डबा त्या सुराचं व्हायोलिन करी, ट्रम्पेट करी, बासरी करी. पण त्याआधी कुठल्या तारेवर किती जोर पडतो हे डब्याला शिकवावं लागे. "हा तुमचा हात ओळखायला शिकतोय. आज हात जड पडला, तर उद्यापासून तो जड हाताचीच वाट बघत बसेल."

गिटारवाल्याचा हात आज जडच होता. त्याचं कारण समोरच्या खुर्चीत बसलं होतं.

दादा त्यांच्या बँडमध्ये बासरी वाजवायचा. वीस वर्षं दोघं एकाच स्टेजवर शेजारी शेजारी उभे राहिले होते. गेल्या आठवड्यात, ते वाजवायचे त्या हॉलच्या मालकाने गिटारवाल्याला एकट्याला बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून स्टेजवर चौघांऐवजी तिघेच, बासरी गिटारमधूनच काढायची, तसलं यंत्र मिळतं म्हणे. गिटारवाल्याने मान डोलावली. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आणि कहर म्हणजे ते यंत्र निवडायला तो दादालाच घेऊन आला होता, कारण बासरीची पारख असलेला दुसरा कान त्याला माहीत नव्हता. "घरी गंमत म्हणून घेतोय रे," असं त्याने ठोकून दिलं होतं.

दादा दोन जिने चढून आला आणि जो बसला तो उठलाच नाही. हल्ली तो असाच झाला होता. शेवटच्या गाण्यातला लांब सूरही आताशा अर्ध्यात सोडून द्यायचा. गिटारवाल्याने त्याला आळशी म्हणून चिडवलंही होतं.

नावं ठेवण्यात मात्र आळस नव्हता. दुकानदाराने आधी दाखवलेला पहिला डबा उशिरा बोलत होता. "जाड तार छेडावी, चहा पिऊन यावं, मग सूर ऐकावा," दादा म्हणाला. दुसऱ्या डब्यातली बासरी चटकन बोलायची आणि गोडही होती. दादाने ती डोळे मिटून ऐकली. "ही मधे श्वासच घेत नाही. गुदमरून मरेल बिचारी."

दुकानदार खो खो हसला. गिटारवाल्याला हसू आलं नाही. दादाला कुणकुण लागली असणार, म्हणूनच तो प्रत्येक बासरीला नाक मुरडतोय, असं त्याला वाटलं.

मग दादाने कोपऱ्यातल्या एका खरचटलेल्या डब्याकडे बोट दाखवलं. "त्यात बाहेरचे आवाज भरता येतात का?"

"येतात. पण खटपट फार. एकेक सूर वेगळा भरावा लागतो."

"मग तोच."

"अरे, दुसऱ्यात तयार बासरी आहे की," गिटारवाला म्हणाला.

"तोच," दादा म्हणाला, मग बराच वेळ खोकला आणि त्याने पाणी मागितलं.

आता त्याच डब्याशी गिटारची जुळणी चालली होती. दुकानदाराने पट्टी आणि तारांमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवून अंतर तपासलं, स्क्रू अर्धा फेरा फिरवला. तरी तेच. तार जोरात छेडली की डब्यावरचा लाल दिवा लागे, हळू छेडली की काहीच लागत नसे.

"हा तुझा हात नाही," दादा म्हणाला. "वीस वर्षं ऐकतोय मी. काय झालंय तुला?"

गिटारवाल्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "दादा, मी खोटं बोललो. हा डबा स्टेजसाठी आहे. तुझ्या जागी. मालकाने सांगितलं आणि माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

दुकानदार उगीचच स्क्रू ड्रायव्हर पुसायला लागला.

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. "मालकाला ते मीच सुचवलं."

"तू?" गिटारवाला म्हणाला.

"फुप्फुसं गेली रे माझी कामातून. महिन्याभरात फुंकणं बंद करा म्हणालेत डॉक्टर. दुसरा बासरीवाला आला असता तर त्याने त्याची बासरी वाजवली असती. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको नको म्हणाला असतास, आणि मी तुझं ऐकलं असतं." त्याने दम घेतला. "वाजव आता."

गिटारवाल्याने डोळे पुसले आणि एकेक करत सहाही तारा छेडल्या. सहाही वेळा हिरवा दिवा लागला.

"हा तुझा हात," दादा म्हणाला. त्याने पिशवीतून बासरी काढली, दुकानदाराचा माईक स्वतःकडे ओढून घेतला आणि खुर्चीत ताठ बसला.

"लांब सूर आधी भरून घे," तो म्हणाला. "ते आधी संपणार आहेत."