बाबा बसायला शिकतायत

"बाबा फोनवर यायला जरा वेळ लागेल," एलिसापी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली. "त्यांची नॅपी बदलतायत."

कॉव्हेंट्रीतल्या त्या घराच्या पॅसेजमध्ये तिघंजण उभी होती. फोनपाशी एलिसापी, अंगात कोट, पायाशी बॅग. दारात यशोधन, कारण बाहेर टॅक्सी थांबली होती आणि ड्रायव्हरला अधूनमधून 'आलोच' म्हणायचं काम त्याच्याकडे होतं. मध्ये घरमालकीण सुमनकाकू, म्हणजे यशोधनची आई. तिच्या हाताला कणीक.

"आई," यशोधन कुजबुजला. जन्म इथलाच असल्यामुळे त्याचं मराठी अंदाजाने चालायचं. "तिची डॅड तर ऑक्टोबरमध्ये वारली ना?"

"वारले. गेलेल्या माणसाला बाई करू नकोस."

"मग नॅपी कुणाचा?"

एलिसापी बॅफिन बेटावरून आली होती. कॅनडाच्या पार उत्तरेला, इनुइट लोकांच्या एका गावातून. पॉलिटेक्निकमध्ये ती यशोधनच्याच वर्गात होती आणि सप्टेंबरपासून या घरात राहत होती. राहत म्हणजे फिरत होती. खोलीतून जिन्यात, जिन्यातून बागेत, बागेतून रिंग रोडला एक चक्कर, पुन्हा जिन्यात. खिडकीत बसली की समोरचं घर दिसे. त्या घरातून हे घर दिसत असणार. दोन्ही घरांना त्यापलीकडचं काही माहीत नव्हतं. "इथे कुणी लांबून येताना दिसतच नाही," ती म्हणायची. "एकदम आलेलंच असतं."

सोमवारपासून परीक्षा होती. तिने ट्यूटरला सांगितलं, मला घरी जायचंय. ट्यूटर भला माणूस. तो म्हणाला, आधी वडिलांशी बोल.

म्हणून हा फोन.

बाबा गेले आणि महिन्याभरात तिच्या भावाला मुलगा झाला. त्याला बाबांचं नाव दिलं. तिकडे नावाबरोबर माणूसही येतो. बाबांची बंदूक आता त्याची. भाऊ स्वतःच्या मुलाला विचारून स्लेज बाहेर काढतो. आई सीलच्या मांसाचा चांगला तुकडा त्याच्यासमोर ठेवते, आणि दात नाहीत म्हणून स्वतःच खाते.

"कसे आहेत आता बाबा?" यशोधनने सभ्यपणे विचारलं.

"बरे आहेत. बसायला शिकतायत."

यशोधनने आईकडे पाहिलं. आईला काहीच खटकलेलं दिसलं नाही.

"त्यात काय रे? तुझ्या मोठ्या काकांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. सासऱ्यांचं नाव सासूबाई तोंडातून कसं काढणार? त्या मुलालाच दादासाहेब म्हणायच्या. 'दादासाहेब, नाक पुसा.' धपाटा घालतानासुद्धा अहो-जाहो."

"मग प्रॉब्लेम काय? टॅक्सी आहे. जाऊ दे की तिला."

"येऊ नको म्हणालेत," एलिसापी म्हणाली.

सप्टेंबरात विमानापाशी भांडण झालं होतं. 'जातेस तर जा. परत येऊ नकोस.' बाबांचे शेवटचे शब्द तेच. त्यांनी घातलेली बंदी त्यांनीच उठवायला हवी. ती आईशी फोनवर बोलायची, पण 'बाबांना दे' म्हणायची हिंमत आजवर झाली नव्हती. घरी जाता येत नव्हतं आणि इथे बसवत नव्हतं.

"पण त्यांना बोलता कुठे येतं?" यशोधन म्हणाला.

"आमच्याकडे बोलावं लागत नाही. भुवया वर गेल्या की हो. नाक मुरडलं की नाही. आई बघून सांगेल."

बाहेर हॉर्न वाजला. यशोधन दारातून 'आलोच' म्हणाला. तिकडे बाबा फोनवर आले.

एलिसापी तिच्या भाषेत हळूहळू बोलली. थांबली. परत बोलली. तिचा एक पाय सारखा हलत होता. पलीकडून आईचा आवाज आला.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. फोनची वायर चघळतायत."

"माझ्याकडे दे." काकूंनी कणकेच्या हाताने रिसीव्हर घेतला, दुसऱ्या हाताने पदर सारखा केला. "अहो, नमस्कार. मी सुमन, हिची घरमालकीण. पोर तुमची गुणी आहे हो. खाते कमी, चालते फार. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, ते काय धरून बसायचं? तुम्ही मोठे आहात. सोमवारी तिची परीक्षा आहे आणि दारात टॅक्सी आहे, तेव्हा काय ते आत्ता सांगा."

मराठी संपलं. मग तिकडून असा ओरडा झाला की काकूंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि एलिसापीला दिला.

ती ऐकत राहिली. पाय थांबला.

"भुवया," ती म्हणाली. "दोन्ही. पार टोपीत गेल्या म्हणे."

"सात महिन्यांत त्यांच्याशी कुणी मराठी बोललं नसेल," यशोधन म्हणाला.

"गप रे," काकू म्हणाल्या. "हो म्हणालेत ते."

"हो," एलिसापी म्हणाली. "ये म्हणालेत."

तिने फोन ठेवला. यशोधनने बॅग उचलली, धावत जाऊन टॅक्सीत टाकली आणि धावत परत आला. एलिसापीने कोट काढला होता. ती जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. इतकी निवांत बसलेली तिला या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं, चल ना! ये म्हणालेत ना?"

"म्हणालेत ना," ती म्हणाली. "म्हणजे आता कधीही जाता येईल. मग आजच कशाला?"