धुळ्याची अक्का

"हे तर परवाच सांगून गेली ती," भुरीबाई म्हणाली आणि पुन्हा भाकर थापायला लागली.

कुंदाबाई दारातच थांबली. निंबापाणीपर्यंत ती सकाळपासून पायी आली होती. "कोन ती?"

"तुमच्यातलीच ना. धुळ्याची अक्का."

कुंदाबाईच्या पक्षाकडून फिरणाऱ्यांत धुळ्याचं कोणी नव्हतं.

नव्वदच्या निवडणुकीचे दिवस. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मतदारसंघात रतिलाल नाना चार वेळा निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध चुडामण डॉक्टर उभे होते. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. गावोगावचे गोठे त्यांना ठाऊक होते, पण चुलीपर्यंत जाणार कोण? ते काम कुंदाबाईने अंगावर घेतलं. तिला राजकारण फारसं कळत नव्हतं. पण भुरीबाईची सून जमना तिच्याच केळीच्या मळ्यात कामाला यायची. आदल्या पावसाळ्यात ती बाळंतपणात अडली. झोळीत घालून रावेरला दवाखान्यात आणताना ओढा ओलांडायच्या आतच गेली, पोटातल्या लेकरासकट. तिथला रस्ता चार निवडणुका नानांच्या भाषणात होता.

"काय म्हनली ती अक्का?"

"या खेपेला आमदाराला पाडा म्हणाली. रस्त्याचं मी पाहीन म्हणाली."

"आन् डॉक्टरांचं?"

भुरीबाईने आठवून पाहिलं. "डॉक्टराचं काही बोलली नाही."

पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावीही तेच. कुंदाबाई जाईल तिथे धुळ्याची अक्का आधीच येऊन गेलेली. चुलीजवळ बसली, पुढ्यात आली ती भाकर खाल्ली, पोरांची नावं विचारली. दुसऱ्यांदा आली तेव्हा एकेका पोराला नावाने हाक मारली. बाया तिच्याबद्दल बोलताना माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

कुंदाबाईला आधी बरं वाटलं, मग धास्ती वाटायला लागली. पक्षाच्या जळगावच्या कचेरीत विचारलं, तर तिथले म्हणाले, आम्ही कोणालाच पाठवलेलं नाही. नवऱ्याला, जीवरामला सांगितलं.

"पाटाले पानी येऊन राह्यलं ना?" तो म्हणाला. "मंग ते कोनाच्या विहिरीचं, कशाले इचारायचं?"

पण कुंदाबाईला विचारायचं होतं. ती बाई कोण, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना.

रावेरच्या बाजारात भुरीबाईने बोट दाखवलं. कासाराच्या दुकानापाशी साध्या सुती लुगड्यातली एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली. कुंदाबाईने तिला गाठलं.

"अक्का, तुमी आमच्यासाठी फिरता आन् आमालेच ठाऊक नाही."

बाई हसली. "तुमनासाठे नही फिरत मी, बहीण."

"मंग?"

"त्या आमदारनी मनं घर खाई टाकं. वीस वरीस व्हई गयात."

तिने नानांचं नाव घेतलं नाही. बोलणं होईपर्यंत एकदाही घेतलं नाही. कुंदाबाईला वाटलं, इतका संताप की नावसुद्धा तोंडात नको. घर खाल्लं म्हणजे शेतीवाडी गिळली असणार. असल्या दुखण्यावर बोट ठेवू नये म्हणून तिने पुढे विचारलं नाही. उलट त्या बाईनेच कुंदाबाईचं माहेर विचारलं, मुली कितवीत आहेत ते विचारलं, जमनाचं सगळं मुकाट ऐकून घेतलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले होते.

कुंदाबाईला ती आवडली. मग दोघींनी गावं वाटून घेतली. ओढ्याच्या अलीकडे कुंदाबाई, पलीकडे अक्का. जिथे कुंदाबाईचं कोणी ऐकत नसे, तिथे ती अक्काचा निरोप सांगे आणि बाया ऐकत.

मतदानाच्या दिवशी निंबापाणीच्या बाया लेकरं कडेवर घेऊन डोंगर उतरून आल्या. नानांच्या ट्रॅक्टरमध्ये एकही बसली नाही.

चुडामण डॉक्टर निवडून आले. रावेरभर गुलाल उडाला. भुरीबाई गर्दीतून वाट काढत आली, कुंदाबाईचा हात धरून उभी राहिली. कुंदाबाईने गर्दीत अक्काला पुष्कळ शोधलं. ती दिसली नाही.

डॉक्टर जुन्या वळणाचे होते. हरलेल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडून मगच मुंबईला जायचं, असं त्यांनी ठरवलं. नाना धुळ्याला, देवपूरच्या घरी गेले होते. जीपमध्ये डॉक्टरांसोबत कुंदाबाईही बसली.

नानांनी डॉक्टरांना उठवून शेजारी बसवलं. "मुलांच्या शाळा-कॉलेजपायी बिऱ्हाड पहिल्यापासून इथंच," ते म्हणाले. "मी तिकडं, मंडळी इकडं. राजकारणाची सावलीसुद्धा घरावर पडू दिली नाही मी. सुनंदाबाई, चहा आणा."

नानांच्या पत्नी, सुनंदाबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. कुंदाबाईने मान वर करून पाहिलं.

ती अक्का होती.

क्षणभराने कुंदाबाईला सगळा उलगडा झाला. वीस वर्षं हे घर नवऱ्यावाचून चाललं होतं. बिचारीने संसार परत मिळवायला एवढी पायपीट केली. कुंदाबाईचं मन भरून आलं. हे गुपित आपल्या तोंडून कधी बाहेर पडू द्यायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं.

"पक्ष काही आता मला पुन्हा तिकीट देत नाही," नाना डॉक्टरांना सांगत होते. "आता आराम."

सुनंदाबाई कुंदाबाईपुढे वाकल्या. कप तिच्या हातात देताना अगदी हळू, धाकट्या बहिणीला सांगावं तसं म्हणाल्या, "आते तिकीट मले देतीन. गावोगावन्या बठ्ठ्या बाया मले वळखतस."