अंगठा पोचतो तिथवर

"हळद भाजीत घालायची असती बाई, मोबाईलवर न्हाई," झुंबरआत्या भिंतीला टेकून पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे काय, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच.

धनश्रीनं ऐकलं आणि सोडून दिलं. वाटीत तेलात कालवलेली हळद तिनं आप्पांच्या उजव्या अंगठ्याला लावली. नसांच्या आजारानं आप्पांचं बाकी सगळं थांबवलं होतं. आता हा अंगठा हलायचा आणि डोळे. उशीला पट्ट्यानं बांधलेला मोबाईल तिनं त्यांच्या पंज्याखाली सरकवला.

"जमंल तेवढा फिरवा, आप्पा. घाई न्हाई."

अंगठा काचेवरून सरकला. मागं पिवळी रेघ उमटली, दोन बोटांएवढी कोर. धनश्री गणपतीत घरी आली होती तेव्हा हीच रेघ काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती.

"परत हळद लागली बघा तुम्हाला," धनश्रीची आई, सविता, नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. आप्पांचे डोळे हसले. तिचे हसले नाहीत.

धनश्रीचं पुण्यातलं कामच हे. अंगठ्यानं टाइप करायचे कीबोर्ड आखायचे. अंगठा कुठवर पोचतो, कुठं चुकतो, ते बघून बटनं बसवायची. बटन हलवलं तरी अंगठा कितीतरी दिवस जुन्याच जागी जातो, हे तिथं सगळ्यांना पाठ. आणि धनश्रीचं भांडणही सगळ्यांना पाठ. बाकी काय वाटेल ते हलवा, खोडायचं बटन माणसाच्या अंगठ्याखालून काढायचं नाही. त्यावरून ती साहेबाशी दोनदा कडाकडा भांडली होती.

आप्पांचा कीबोर्ड तिनं घरीच केला होता. अक्षरं कधीच गेली होती, आता शब्द होते. बटन दाबलं की मोबाईल तो शब्द बोलायचा.

"बाप्याच्या तोंडी बाईचा आवाज," आत्या म्हणाल्या. "आन् एक राम राम टाक गं. पाहुणं येत्यात, नुस्तं बघत बसतोय त्यो."

"जागा न्हाई, आत्या."

पिवळी कोर समोर ठेवून तिनं लॅपटॉपवर बटनं मांडली. कोरीवर बसतील तेवढीच. पाणी. कूस. दुखतंय. जुन्यातली दोन गेली. एक टीव्हीचं होतं. दुसरं काढताना तिनं कुणाला विचारलं नाही.

वारा कुरकुंभकडून फिरला आणि केमिकल कंपन्यांचा वास घरात आला. सवितानं खिडकी लावून घेतली. आप्पांना तसाही श्वास पुरत नव्हता. सकाळी ॲम्ब्युलन्स येणार होती. पुण्याच्या दवाखान्यात घशाला भोक पाडून नळी बसवायची, नळीला मशीन जोडायचं. मशीन मग कायमचं. डॉक्टर म्हणाले होते, माणूस शुद्धीत आहे, त्यांचं म्हणणं विचारून या. ते विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. कधी शेजारून डबा यायचा, कधी पाहुणे, कधी आप्पांचा डोळा लागायचा.

"आता ह्यात इच्यारायचं काय?" पोपटकाका उंबऱ्यात बसून म्हणाले. "जगायचं का म्हणून कुणी इच्यारतं व्हय माणसाला? धने, एक मोठ्ठं 'हो' टाक. उद्या डाक्तरापुढं दाबलं की काम झालं."

धनश्रीनं 'हो' टाकलं. मोठ्ठं. कोरीच्या बरोबर मधोमध. डाव्या टोकाला थोडी जागा उरली, ती रिकामीच ठेवली. दोन बटनांत अंतर लागतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मोबाईल परत पंज्याखाली गेला. काका उठून पलंगाशी आले, थोरल्या भावापुढं वाकले.

"दादा, उद्या जायाचं ना पुण्याला? हो म्हना."

अंगठा सरकला. 'हो'च्या कडेला टेकला. तिथून रेटत रेटत पार डाव्या टोकाला गेला आणि रिकाम्या जागेवर दाबला.

मोबाईल काही बोलला नाही.

"पाणी हवं असंल," आत्या म्हणाल्या.

"पाण्याचं बटन हिकडं हाय," काका म्हणाले. "कूस वळवायची का, दादा?"

आप्पांनी डोळे मिटले, उघडले, आणि अंगठा उचलून परत तिथंच टेकवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सविता भांडं घेऊन उठेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसूनच राहिली.

"ताकद न्हाई राह्यली," काका म्हणाले. "चुकतंय त्यांचं. धने, अंगठा जिथं जातोय तिथंच आणून ठेव की ते 'हो'. तुझं कामच हाय ते."

खरंच होतं ते. रोज ती दुसरं काय करते? धनश्रीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. 'हो'वर बोट ठेवलं. जरासं डावीकडं ओढायचं, बस्स. उद्या डॉक्टरांपुढं आवाज येईल, संमतीचा कागद होईल, आप्पा घरी येतील. पलंगावर का होईना, असतील.

बटन हललं. अंगठ्याच्या दिशेनं सरकायला लागलं.

"धना," सविता म्हणाली. तिनं नवऱ्याचा पिवळा अंगठा आपल्या मुठीत घेतला होता. "चुकत न्हाईत ते. तिथं 'नको' होतं."