पुसेगावचा वेग

माझी बायको मिरा वारल्याचं कळलं, त्याच दिवशी पुसेगावच्या दूध केंद्रातला तिचा मोडेम मी काढून आणला. त्यावरून ती रोजचे दुधाचे आकडे फोनच्या तारेने कळमनुरीच्या डेअरीत माझ्याकडे पाठवायची.

फोन आला की डेअरीतला मोडेम किंचाळत आधी मोठा वेग धरतो. तार खराब असेल तर एकेक पायरी उतरतो. अगदी तळाच्या वेगाला तो फक्त पुसेगावच्या खराब तारेसाठी उतरायचा.

आज तिचा मोडेम पुसत बसलो होतो. फोन वाजला. डेअरीतला मोडेम उतरत उतरत तळाला जाऊन जुळला.

डबा घेऊन आलेल्या लेकीने, दिपाने, तो तळाचा आवाज ओळखला. म्हणाली, "बाबा, आईचा मोडेम तर तुमच्या मांडीवर हाय. मंग तिकडून कोण लावून राहिलं?"

"लाइन पुसेगावचीच हाय."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विचारलं आहे, फाइल घ्यायची का. मी अजून 'हो' दाबलेलं नाही.