मधून बाजूला

अश्वती आपल्या ढोलाचा, चेंड्याचा पट्टा खांद्यावर चढवत होती, तेवढ्यात सजीवन जवळ आला आणि म्हणाला, "आता काही अडचण नाही. रतीश बाजूला झालाय."

पट्टा तिने तसाच हातात धरून ठेवला. "कशातून?"

"तुझ्यातून." तो लाजला. कमरेला कडक इस्त्रीचं मुंडू, कपाळाला चंदन; आज भलताच नीटनेटका होता. "मी त्याला मनातलं सगळं सांगून टाकलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, जा, तुझ्यासाठी सोडलं. असा दोस्त कुणाला मिळतो, सांग!"

चर्चच्या सणाची मिरवणूक निघायला थोडाच अवकाश होता. सभागृहामागच्या फणसाखाली पथकातली मंडळी चेंडे ताणून बांधत होती. रतीश पार पलीकडे, तिच्याकडे पाठ करून उभा होता. हल्ली तो असाच लांब राहायचा. तालमीनंतर सायकल हातात धरून फाट्यापर्यंत सोबत यायचा, तेही त्याने बंद केलं होतं. आपलं काय चुकलं या विचाराने तिची झोप उडाली होती. आज मिरवणूक संपली की ती स्वतःच त्याला गाठणार होती. नुसतं विचारणार नव्हती, सांगणारही होती.

"रतीश!" तिने हाक मारली, तशी मंडळींतली चार डोकी वळली. "इकडे ये."

तो आला. सजीवनकडे बघून कसनुसा हसला.

"तू मला सोडलंस म्हणे?"

"हळू बोल ना. लोक बघतायत."

"बघू देत. खरं का?"

"सजीवन माझा लहानपणापासूनचा..." त्याने घसा साफ केला. "त्याचा जीव जडलाय तुझ्यावर. त्याला रडवून मी सुखी होऊ? मनावर दगड ठेवला आणि मधून बाजूला झालो." हे म्हणताना त्याची मान जराशी ताठ झाली. स्वतःच्या त्यागाचं त्याला कौतुक वाटत होतं. ते तिला दिसलं आणि तिच्या अंगाची आग झाली.

"बसमधली जागा आहे का मी? आपण उठायचं आणि मित्राला म्हणायचं, बस?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? तुम्ही दोघं बोललात, दोघांनी ठरवलंत. मला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं का?" ती रतीशकडे वळली. "मला तू आवडत होतास. आणि ते तुला माहीत होतं."

आपला आवाज कापला नाही, याचं तिला बरं वाटलं.

रतीशने खाली बघितलं. तेवढ्याने सजीवनला काय ते कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"तुला माहीत होतं?" तो रतीशला म्हणाला. "आणि मला काय सांगितलंस? तिच्या मनात कुणी नाही!"

"तुझ्यासाठीच केलं रे, सज्या!"

"माझ्यासाठी? भीक घातलीस मला. ती नाही म्हणाली असती तर रडलो असतो चार दिवस. तेवढं झेपलं असतं मला." त्याने आपल्या झांजा उचलल्या. "वाजवताना माझ्या शेजारी उभा राहू नकोस."

"सजीवन," अश्वती म्हणाली. तो थांबला. "तू मला विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हटलं असतं. पण नीट, तुला एकट्याला बाजूला घेऊन."

त्याने मान हलवली. डोळे भरले होते, पण नजर त्याने चुकवली नाही. मग तो निघून गेला.

रतीश एक पाऊल पुढे आला. "अश्वती, अजून काही बिघडलं नाही. मी समजावतो त्याला. आता तर सगळं उघडच झालंय, मग आपण..."

"आवडत होतास, म्हणाले मी," ती म्हणाली आणि तिने पट्टा खांद्यावर चढवला.

"चला रे, रांग धरा!" पथक शिकवणारे म्हातारे आशान टाळ्या वाजवत आले. "आज पुढे अश्वती. पहिलीच खेप आहे पोरीची, सांभाळून घ्या तिला."

"सांभाळायला नको, आशान. नुसते मागे राहू नका म्हणावं."

मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या अम्मची हात जोडून उभ्या होत्या. अश्वतीने संथ सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने वाहू दिलं. घामात कोण ओळखणार होतं? डाव्या टोकाला सजीवन होता, उजव्या टोकाला रतीश. दोघांनाही तिच्या हातांवरून नजर हलवता येत नव्हती. लय तिथेच ठरत होती.

तिने लय चढवली. मागचे चेंडे धापा टाकत तिला येऊन मिळाले. तिने आणखी चढवली. फाट्यावर गर्दी थांबली, पोरं भिंतींवर चढली, कुणीतरी शीळ घातली. सजीवनच्या झांजा एकदा चुकल्या आणि सावरल्या. रतीशचा सदरा पाठीला चिकटला होता.

चौकात आशाननी हात वर करून आवरतं घ्यायची खूण केली. अश्वतीने ती स्पष्ट पाहिली आणि तालाची आणखी एक फेरी घेतली.