सात पाण्यांत धुतलेली वाकळ

वाफेचं मशीन बंद केलं तशी अक्षराच्या छातीतली घरघर ऐकू यायला लागली. आठ महिन्यांची पोर ती! श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. गंगव्वा खाटेच्या कडेला उभी राहून नुसती बघत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण काहीच आलं नाही.

तिला निपाणीहून लेकाच्या घरी येऊन तीन दिवस झाले होते, आणि नातीला धाप लागूनही तीनच दिवस. हा हिशेब काही अवघड नव्हता. पण घरात तो कुणी बोलून दाखवला नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, कशाची तरी ॲलर्जी आहे. घरात नवं काय आलंय ते शोधा म्हणाले. आज रात्री परत उठली धाप, तर ॲडमिट करायला लागेल." सून हे पोरीकडे बघत म्हणाली. सासूकडे तिनं बघितलं नाही.

शोधायचं का बाकी ठेवलं होतं कुणी? बुद्धाच्या मूर्तीपुढली उदबत्ती बंद झाली. डासांची कॉईल गेली, पावडरचा डबा गेला, शेजारणीच्या मांजराला दार बंद झालं. आणि ह्या सगळ्यात पुढं कोण, तर गंगव्वाच. घर वडगावात, विणकरांच्या वस्तीत; भिंतीपलीकडं दिवसभर माग खडखडायचे. "ह्यो मागाचा कापूसच जातोय बघ लेकराच्या नाकात," म्हणून तिनं आपल्या हातानं खिडक्यांना ओले पंचे बांधले होते. माग चालवणाऱ्याशी भांडायलाही निघाली होती. लेकानं धरून आणली.

स्वतःच्या बाजूनं तिनं कशाला म्हणून जागा ठेवली नव्हती. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळली होती तिनं. म्हणून इकडं यायचं ठरल्यावर महिनाभर आधीच मिश्री सोडली. आठ दिवस रोज डोक्यावरनं आंघोळ केली. येताना नवं कोरं लुगडं नेसून आली. नातीसाठी आपल्याच जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यांची वाकळ शिवली होती, ती सात वेळा धुतली. दर खेपेला वाळल्यावर नाकाला लावून बघितली. कसला म्हणून वास नव्हता.

त्या वाकळेवरच पोर निजली होती. घामानं ती ओली झाली म्हणून लेकानं, दीपंकरनं, पोरीला बायकोच्या हातात दिलं आणि वाकळ उचलली. कॉलेजात शिकवणारा शहाणा माणूस, पण वाकळ हातात घेऊन खुळ्यासारखा उभाच राहिला. मग त्यानं ती तोंडाशी नेली आणि डोळे मिटले.

"काय झालं रं?"

"आई, ह्येला तंबाखूचा वास येतोय."

"ह्या! सात पाण्यांत धुतलीया. मी सोता हुंगून बघितलंय की."

गंगव्वानं वाकळ त्याच्या हातातनं ओढून घेतली. नाक खुपसून ओढ ओढ श्वास ओढला. टाके उसवून आतल्या थरात नाक घातलं. काही नाही. पाण्याला असावा तेवढाही वास नाही. तिनं वाकळ सुनेपुढं धरली. सुनेनं पोरीला छातीशी घेतलं आणि हातभर मागं सरली.

"तुलाबी येतोय?"

"तुम्ही आलात तवापासनं येतोय, आत्या. मला वाटलं, तुमच्याच..." सून तिथंच थांबली.

गंगव्वा खाली बसली. वखारीत नवी बाई आली, की दिवसभर शिंकायची, ओकायची. मग जुन्या बायका तिला समजवायच्या, सोस दोन-चार वरसं, नाक मरतंय, मग कायबी तरास न्हाय. आपलं नाक कधी मेलं, ते तिला आठवेना. गेले तीन दिवस सून कौतुकानं म्हणत होती, बाळाच्या टाळूला कसा गोड वास येतो बघा. आणि ती टाळू हुंगून व्हय व्हय म्हणत होती.

"कसा येतोय रं वास?" तिनं विचारलं.

दीपंकर वाकळ पिशवीत कोंबत होता. त्याचे हात थांबले.

"तू सांजचं वखारीतनं यायचीस. मी तुझ्या पदरात तोंड घालून झोपायचो. तसा." मग हळू म्हणाला, "तुझाच वास हाय, आई."

 त्यानं पिशवीला गाठ मारली आणि परसात नेऊन भिंतीपाशी ठेवली. तिला वाईट वाटायला हवं होतं. छातीत हात घालून बघावं, तर तिथंही सगळं बधिर.

आत पोर खोकली. दीपंकर धावत वळला, तशी गंगव्वा दारात आडवी आली.

"थांब. तसाच जाऊ नगंस लेकराजवळ. हात कर फुडं."

त्यानं हात पुढं केले. तिनं बादलीतनं तांब्या भरला आणि लांबनंच, वरनं धार धरली. तो साबण चोळायला लागला.

"कोपरापातूर चोळ. बोटांच्या बेचक्यात घाल."

तो लहानपणी चोळायचा तसा मुकाट्यानं चोळत राहिला. फेस मोरीतनं वाहून गेला. तिनं दुसरा तांब्या घातला, मग तिसरा.

"गेला काय बघ."

त्यानं हात हुंगले. तिच्याकडं न बघता म्हणाला, "गेला."

"नीट बघ बाबा," गंगव्वा म्हणाली. "मला काय कळत न्हाय." आणि तिनं चौथा तांब्या भरला.